ॲनाटॉमीतल्या दिशा, प्लेन आणि कॅव्हिटी यांचं नुसतं कडबोळं झालंय, कोणी सोडवेल का?

पहिलं_वर्ष_फिजिओ
नमस्कार सगळ्यांना. हाडं, स्नायू पाठ होतायत पण हे सुपिरियर-इन्फिरियर (वरचं-खालचं), प्रॉक्सिमल-डिस्टल प्रकरण काही केल्या डोक्यात बसत नाहीये. व्याख्या तोंडपाठ आहेत हो, पण व्हायवाला (तोंडी परीक्षेला) मॅडम हात डोक्यावर उचलायला लावतात आणि विचारतात "आता सांग, मनगट कोपराच्या वर की खाली?" की संपलं. दुसरं म्हणजे सीटी स्कॅनमध्ये लिव्हर डावीकडे दिसतं ते का? आणि किडनी पोटात आहे पण पेरिटोनियल कॅव्हिटीत नाही, हे तर मला अजिबातच झेपलेलं नाही. सोप्या भाषेत सांगा प्लीज.

सांगाडा_काका
हात कुठेही ने, उत्तर बदलत नाही, कारण बोलताना मनात माणूस कायम एकाच पोझिशनमध्ये असतो: सरळ उभा, नजर समोर, हात बाजूला सोडलेले आणि तळवे पुढे. पेशंट पालथा पडलेला असो नाहीतर ट्रॅक्शनला टांगलेला, डोकं सुपिरियरच आणि पाठ पोस्टिरियरच (मागचीच). हातापायांसाठी तर वर-खालीच्या भानगडीत पडूच नकोस, तिथे प्रॉक्सिमल-डिस्टल वापरायचं, म्हणजे हात-पाय धडाला जिथे जोडलाय तिथून किती जवळ किती लांब. मनगट कोपराच्या डिस्टल, बास, मग तो हात आकाशात गेला तरी.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते तळव्यांपाशी. आत्ता टाइप करताना बघ, दोन्ही अंगठे आतल्या बाजूला आहेत आणि करंगळ्या बाहेर, त्यामुळे अंगठा मेडियल, म्हणजे शरीराच्या मध्यरेषेकडचा, म्हणावंसं वाटतं. आता हात खाली सोड आणि तळवे पुढे कर, अंगठे गेले ना बाहेर? म्हणून अंगठा लॅटरल, म्हणजे मध्यरेषेपासून लांबचा, आणि कोपराखालच्या दोन हाडांपैकी रेडियस लॅटरल, अल्ना मेडियल. तळवा पालथा करताना रेडियस अल्नावरून आडवं जातं म्हणून सगळा घोळ दिसतो.

अजून एक, हे शब्द एकटे कधीच वापरायचे नाहीत, "कशाच्या?" हा प्रश्न आलाच पाहिजे. डोळा नाकाच्या लॅटरल आहे आणि कानाच्या मेडियल. नुसतं "डोळा लॅटरल" लिहिलंस तर अर्धे मार्क गेले समज.

सीटीवाला
स्कॅनचं मी सांगतो. ॲक्सियल कट, म्हणजे ट्रान्सव्हर्स प्लेन (आडवा काप), आपण पेशंटच्या पायाकडून डोक्याकडे बघतोय अशा हिशोबाने लावतात. पेशंट उताणा, आपण पायाशी उभे, त्यामुळे त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते आणि लिव्हर स्क्रीनच्या डावीकडे. उजवं-डावं नेहमी पेशंटचं, बघणाऱ्याचं नाही. कोरोनलमध्येही (पुढचा आणि मागचा भाग वेगळा करणारा उभा काप) तेच, पेशंट समोर तोंड करून उभा असल्यासारखा. सॅजिटल म्हणजे उभा काप, एका बाजूला डावा भाग, दुसऱ्या बाजूला उजवा, आणि तो बरोब्बर मध्यातून गेला तरच मिडसॅजिटल. तुमच्या फिजिओत हेच प्लेन हालचालींना लागतात, गुडघा वाकवणं सॅजिटलमध्ये, हात बाजूने वर उचलणं कोरोनलमध्ये, मान उजवी-डावीकडे वळवणं ट्रान्सव्हर्समध्ये.

आणि नावावर जाऊ नका राव. हृदयाचं "उजवं" व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) प्रत्यक्षात बरंचसं पुढे, छातीच्या हाडामागे असतं, आणि "डावं" एट्रियम (वरचा कप्पा) सगळ्यात मागे, अन्ननलिकेला लागून. म्हणूनच अन्ननलिकेत प्रोब घालून इको करतात तेव्हा ते इतकं स्पष्ट दिसतं.

ओटी_सिस्टर
कॅव्हिटीचं मी घेते. आधी हे डोक्यातून काढ की कॅव्हिटी म्हणजे रिकामी खोली. पेरिटोनियम हे पातळ अस्तर आहे, एक पदर पोटाच्या भिंतीला आतून चिकटलेला तो परायटल, दुसरा अवयवांवर चढलेला तो व्हिसरल, आणि त्या दोन पदरांच्या मधली फट म्हणजे पेरिटोनियल कॅव्हिटी. निरोगी माणसात तिथे जरासं पाणी असतं, पदर एकमेकांवर सरकावेत इतकंच. किडनी ॲब्डोमिनल कॅव्हिटीत आहेच, पण या अस्तराच्या मागे, पाठीच्या स्नायूंना टेकून, म्हणून रेट्रोपेरिटोनियल. सर्जन कुशीतून शिरून पेरिटोनियम न उघडताच किडनीपर्यंत जाऊ शकतात, ते एकदा बघितलंस की कायमचं लक्षात राहतं.

छातीत फुफ्फुसांभोवती दोन प्लुरल कॅव्हिटी, मधला भाग मेडियास्टिनम, आणि हृदयाभोवतीची पेरिकार्डियल कॅव्हिटी त्या मेडियास्टिनमच्या आत. छाती आणि पोटाच्या मध्ये डायफ्रॅम (स्नायूचा पडदा) आहे, पण पोट आणि पेल्व्हिसच्या (कमरेच्या हाडांमधल्या भागाच्या) मध्ये भिंतबिंत काही नाही, फक्त हाडाच्या कडेवरून ठरवलेली सीमा. ब्लॅडर गच्च भरलं की सरळ वर पोटात येतं.

पहिलं_वर्ष_फिजिओ
ताई, काका, दादा, खूप थँक्स!! एवढंच सांगा, डॉर्सल म्हणजे मागचं ना, मग पावलाची वरची बाजू डॉर्सम कशी काय?

सांगाडा_काका
गर्भात हात-पाय फुटतात त्यानंतर ते फिरतात, हात बाहेरच्या बाजूला आणि पाय आतल्या बाजूला. म्हणून कोपर मागे आणि गुडघा पुढे, हाताचा अंगठा लॅटरल आणि पायाचा मेडियल. जी बाजू मुळात डॉर्सल होती ती पायात फिरून पुढे आली, नडगीवरून खाली पावलाच्या वरच्या अंगाला. पाऊल वर उचलणं म्हणजे डॉर्सिफ्लेक्शन का, तेही यातच आलं. पावलाच्या तळव्याला प्लांटर म्हण.

दातांचा_डॉक्टर
आमच्याकडे "डिस्टल" आणखी वेगळं बरं का. दातांच्या ओळीने मध्यरेषेपासून लांब जाणारी बाजू ती डिस्टल, मध्यरेषेकडची ती मेसियल. डेंटलच्या मित्राची नोट्स वाचत असशील तर तेवढं सांभाळ.