पोर्तुगाल नाटोत होता, मग १९६१ ला गोव्यासाठी नाटो का धावली नाही?

मांडवीकाठ
१९ डिसेंबर आला की हा वाद ठरलेला. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य, आणि कलम ५ म्हणतं की एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. मग भारतीय फौज गोव्यात शिरली तेव्हा अमेरिका-ब्रिटन हातावर हात ठेवून का बसले? सोव्हिएत आरमाराला घाबरून, असं व्हॉट्सॲपवर फिरतंय. करारात नेमकं काय आहे? आणि ब्रिटन-पोर्तुगाल जुन्या मैत्रीचं काय झालं?

तळटीप
सगळे कलम ५ वाचतात आणि थांबतात. त्यातच 'युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत' अशी अट आहे, आणि कलम ६ हद्द आखून देतं: या दोन खंडांतला सदस्यांचा मुलूख, तेव्हा फ्रान्सचा असलेला अल्जीरिया, पुढे तुर्कस्तान, आणि उत्तर अटलांटिकमधली कर्कवृत्ताच्या वरची बेटं. पोर्तुगालची अझोर्स बेटं ३८ अंशांच्या आसपास, म्हणून आत. तेव्हाची पोर्तुगीज वसाहत केप व्हर्द १५-१६ अंशांवर, म्हणून अटलांटिकात असूनही बाहेर. गोवाही तेवढ्याच अक्षांशावर, पण महासागरच दुसरा. युरोपच्या वसाहतींची भांडणं अमेरिकेला गळ्यात घ्यायची नव्हती, म्हणून रेघ तिथे. १९८२ ला दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांसाठी ब्रिटनलाही कलम ५ उपयोगाचं नव्हतं.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने १९५१ ला घटना बदलून वसाहतींचे 'सागरपार प्रांत' केले होते. त्याने कर्कवृत्त काही सरकलं नाही.

दर्यावर्दी
ब्रिटनची अडचण मोठी होती, कारण तिथे अक्षांशांची सबब चालत नव्हती. १६६१ च्या ज्या विवाह-कराराने मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, त्याच्याच गुप्त कलमात पोर्तुगालच्या वसाहतींच्या रक्षणाची हमी होती. १८९९ ला ती पुन्हा दिली गेली. हे करार नुसते दप्तरात पडून होते असंही नाही. १९४३ मध्ये चर्चिलने पोर्तुगालशी झालेल्या १३७३ च्या मैत्री-कराराचा आधार घेऊनच अझोर्समध्ये तळ मिळवले. लिस्बनने तीच हुंडी वटवायला काढल्यावर लंडनने सांगितलं की राष्ट्रकुलातल्या देशाशी आम्ही लढणार नाही.

लष्करी बाजू तर विचारूच नका. गोव्यात पोर्तुगालचं लढाऊ विमान एकही नव्हतं. दाभोळीची धावपट्टी भारताच्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी १८ तारखेलाच उखडली. मुरगावपाशी 'अफोन्सो द अल्बुकर्क' हे १९३० च्या दशकातलं जुनं पोर्तुगीज जहाज, चार १२० मिमी तोफांचं, आणि समोर नव्या फ्रिगेटी 'बेतवा' आणि 'बियास'. तिन्ही जहाजं ब्रिटिश गोद्यांत बांधलेली! मार खाल्लेलं जहाज शेवटी किनाऱ्यावर चढवावं लागलं. सालाझारचा हुकूम शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा होता. गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हांनी तो न पाळता १९ ला शरणागती दिली. पणजी बेचिराख झाली नाही ती त्यामुळे, असं माझं मत.

मतपेटी
सोव्हिएत आरमाराची गोष्ट १९७१ च्या बांगलादेश युद्धातली, ती उगाच १९६१ ला चिकटवलीय. सोव्हिएत संघाने केलं ते सुरक्षा परिषदेत. तेव्हा सदस्य ११, ठरावाला मतं लागत ७. युद्धबंदी आणि माघारीचा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तानचा. त्यांना चिली, इक्वेडोर आणि चीन (म्हणजे तैवानचं सरकार) मिळाले. झाली नेमकी सात. विरोधात सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) आणि सोव्हिएत संघ. सोव्हिएत नकाराधिकार नसता तर ठराव पास होता.

पुढचा रस्ता महासभेचा. पण तिथे दोन तृतीयांश हवेत, आणि १९६० या एकाच वर्षात आफ्रिकेतले १६ नवे देश आत आले होते. १९६० च्याच डिसेंबरात महासभेने गोव्याची गणना स्वशासन नसलेल्या प्रदेशांत केली होती. तिथे जाऊन तोंडघशी पडण्यापेक्षा पाश्चात्त्यांनी विषय सोडला.

तळटीप
मतपेटी यांच्याशी सहमत, फक्त पोर्तुगालचे हात अगदी रिकामे होते असं समजू नका. अझोर्समधल्या लाजेस हवाई तळाचा अमेरिकेशी करार १९६२ अखेर संपत होता. मार्च १९६१ मध्ये अमेरिकेने अंगोला या पोर्तुगीज वसाहतीवरून पोर्तुगालविरुद्ध मत दिलं, म्हणून सालाझारने नूतनीकरण लटकवलं: नवा करार नाही, वापर मात्र चालू द्यायचा. कधीही 'निघा' म्हणता येईल या टांगत्या तलवारीखाली वॉशिंग्टनची अंगोलाबद्दलची भाषा मवाळ झाली. ऑक्टोबर १९७३ मध्ये इस्रायलला रसद नेणारी अमेरिकन विमानं लाजेसलाच उतरत होती. गोवा त्या तळाने वाचला नाही, पण आफ्रिकेतली युद्धं आणखी काही वर्षं ओढता आली.

मांडवीकाठ
आणि पोर्तुगालने गोवा भारताचा असं कागदावर कधी मान्य केलं?

दर्यावर्दी
पोर्तुगालमध्ये एप्रिल १९७४ ची क्रांती होऊन हुकूमशाही गेल्यावर. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला. सह्या पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेश आणि आपले यशवंतराव चव्हाण यांच्या. त्यात गोवा, दमण, दीव यांच्याबरोबर दादरा आणि नगर हवेलीही आहे, ते १९५४ लाच सुटलं होतं तरी.