दत्तक आलेल्या जपानी दाइम्योचे जुन्या मानकऱ्यांनी कसे ऐकले?

पंचगंगाकाठ (प्रश्न):
येत्या 26 जूनला, शाहू जयंतीच्या दिवशी, आमच्या पेठेतील तालमीत दत्तक राज्यकर्त्यांविषयी मला बोलायचे आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव 1884 मध्ये दत्तक येऊन शाहू महाराज झाले, हे कोल्हापुरात लहान मुलालाही ठाऊक असते. त्यांच्या जोडीने जपानमधील योनेझावाचे दाइम्यो (मुलखाचे वंशपरंपरागत सरदार) उएसुगी योझान यांचे चरित्र सांगावे, असे मनात आहे. परक्या घरातून आलेल्या पोरसवदा धन्याचे मानकऱ्यांनी ऐकले तरी कसे?

जुनीमोडी:
सहजासहजी ऐकले नाही. योझान 1751 मध्ये ताकानाबेच्या अकिझुकी घराण्यात जन्मले आणि 1767 मध्ये, वयाची विशी गाठण्याआधीच, योनेझावाच्या गादीवर आले. त्यापूर्वी 1664 मध्ये तेथील दाइम्यो वारस न नेमताच वारल्यामुळे शोगुनशाहीने (सर्व दाइम्योंवर हुकूम चालवणाऱ्या लष्करी राजवटीने) मुलूख निम्मा करून दीड लाख कोकूंवर आणला होता (एक कोकू म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरणारा तांदूळ); पदरचे सामुराई मात्र घराण्याने सोडले नाहीत, आणि त्यांच्या वेतनाखाली दौलत कर्जात बुडत गेली. त्यात वर्षाआड शोगुनशाहीच्या राजधानीत, एदोला (आजचे टोकियो), जाऊन राहण्याची सक्ती होतीच. नव्या धन्याला कोणालाही न दुखवता हात घालता येईल अशी जागा एकच, स्वतःचा वाडा. एदोतील खासगी खर्च त्यांनी 1500 ऱ्योंवरून (ऱ्यो म्हणजे सोन्याचे नाणे) 209 वर आणला, पन्नास दासींपैकी नऊच ठेवल्या, अंगात सुती कपडे घातले आणि जेवणात एक सार व एक कालवण एवढेच ठेवले.

करवीरवाचक:
यात 1773 चा प्रसंग अवश्य घालावा, नाहीतर चित्र फार गोड होईल. सात ज्येष्ठ मानकऱ्यांनी सुधारणांविरुद्ध लांबलचक तक्रारपत्र पुढे ठेवून धन्याला अडवून धरले. योझान यांनी निवृत्त दत्तक पित्याचा पाठिंबा मिळवला, चौकशी केली आणि दोघांना सेप्पुकूची, म्हणजे पोट चिरून प्राण देण्याची, शिक्षा फर्मावली. उरलेल्यांनाही कडक शासन झाले. साधेपणाने आदर मिळाला असेल, पण सत्ता हातात आली ती या निकालानंतर, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे 1776 मध्ये त्यांनी कोजोकान ही पाठशाळा पुन्हा उभी केली आणि सामुराईंच्या घरांतील स्त्रियांना विणकामाला लावले.

पंचगंगाकाठ:
दोघांचाही मनापासून आभारी आहे. 1785 मध्ये गादी सोडताना त्यांनी वारसाला लिहून दिलेली तीन कलमे मी वाचली होती. राज्य आणि रयत धन्यासाठी नसून धनी त्यांच्यासाठी असतो, हे त्यांतील तिसरे. आता व्याख्यानाची सुरुवात मात्र त्या सार-कालवणाच्या जेवणापासून करीन आणि सात मानकऱ्यांचा प्रसंग गाळणार नाही.