डोमिसाइलची अट सगळीकडे नाही

वर अण्णांनी लिहिलंय की भाचीचं डोमिसाइल महाराष्ट्राचं, त्यामुळे बेळगावात एमडी विसरा. तसं नाही हो. केएलई संस्थेचं तिथलं मेडिकल कॉलेज, जेएनएमसी, अभिमत (डीम्ड) विद्यापीठात येतं, त्या जागा एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी, अखिल भारतीय काउन्सेलिंगने भरते. नीट-पीजी या प्रवेश परीक्षेचा रँक हवा, डोमिसाइल कोणी विचारत नाही. फी मात्र ऐकून बसा, उभ्याने नको!

आणि कन्नड आत्तापासून शिकायला लावा. एमडी-एमएसला तीन महिने जिल्हा रेसिडेन्सी असते, जिल्हा रुग्णालयात. माझ्या पोस्टिंगला एक खानापूरची आजी "पोटात दुखूलालंय बाळा" म्हणाली, ते कळलं. पुढचे आजोबा तेच कन्नडमध्ये, "होट्टे नोवु" म्हणाले, आणि मी सिस्टरकडे बघत बसले.