मदत हवी आहे: बसून चालवायच्या मोवरचा (गवत कापायच्या मशीनचा) थ्रॉटल रेस घेत नाही

मंडळी, कांदिवलीच्या आमच्या ग्राउंडवरचा पेट्रोल मोवर पावसाळाभर शेडमध्ये पडून होता, आता लिव्हर पार सशाच्या चित्रापर्यंत, म्हणजे फुल स्पीडला, नेली तरी रेस वाढत नाही, चोक अर्धा ओढला की मात्र इंजिन बरं पळतं आणि पातं जोडलं की लगेच बंद. केबल बघितली, सरकते नीट, गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाची) स्प्रिंगपण जागेवर आहे. चोकने हवा कमी केली की चालतंय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, मेन जेटच (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबलंय असं मला वाटतं, त्यात इथेनॉलवालं पेट्रोल पाणी धरतं. बाईकवाला मेकॅनिक गव्हर्नरचा स्क्रू पिळायचं म्हणतोय, ते अजिबात पटत नाही, आरपीएम लिमिटच्या वर गेले तर पातं धोक्याचं. जेट स्प्रेने साफ होईल का कार्ब्युरेटरचं किटच बदलू? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, पोरांची प्रॅक्टिस अडलीय, गवत घोट्याच्या वर गेलंय.