उत्तर: मागच्या बाजूला एवढं महत्त्व कशाला?

प्रश्न असा की जुन्या बेसबॉल कार्डावर पुढचं चित्र तेच असेल तर मागच्या बाजूसाठी जादा पैसे का मोजायचे? १९०९ ते १९११ मधला टी-२०६ नावाचा बेसबॉल कार्डांचा संच बघा. ही कार्डं सिगारेटच्या पाकिटातून यायची, म्हणून मागे त्या त्या ब्रँडची जाहिरात असते. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल ढिगाने सापडतात. पण टाय कॉब या खेळाडूच्या लाल पार्श्वभूमीवरच्या त्याच चित्रामागे त्याच्याच नावाच्या तंबाखूची जाहिरात निघाली, तर ते कार्ड अतिदुर्मीळ. संग्राहकाला छपाईचा इतिहास तिथेच वाचता येतो.

१९६९ च्या टॉप्स कंपनीच्या कार्डांमध्येही छपाईतल्या फरकाचा असाच प्रकार आहे, पण पुढच्या बाजूला: मिकी मँटल या खेळाडूचं आडनाव बहुतेक कार्डांवर पिवळ्या अक्षरांत, थोड्यांवर पांढऱ्या. पांढरं महाग. (दिसायला पिवळंच बरं, हे माझं मत!)

डिझाइन म्हणाल तर माझी पसंती १९७१ च्या टॉप्सला. काळी चौकट, त्यावर खेळाडूची छापील सही. मात्र कडेचा रंग जरा घासला की आतला पांढरा पुठ्ठा डोकावतो. त्यामुळे विकणाऱ्याकडून कोपऱ्यांचे जवळून काढलेले फोटो आधी मागवा. कुणी काळ्या शाईने कडा रंगवल्यात का, तेही त्यात कळतं.