धुऱ्याची साक्ष द्यायला गावात कोणी उरलं नाही का?

वावरवाला, यवतमाळ: या उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं माझा धुरा, म्हणजे शेताचा बांध, नांगराच्या दोन ओळी आत कोरला. हद्दीवरचा कडुनिंब जागेवर आहे, जुन्या लोकांना सगळं ठाऊक आहे. पाच घरं फिरलो. प्रत्येकानं चहा पाजला आणि म्हटलं, "तुमचं खरं आहे, पण आमचं नाव घेऊ नका." मोजणीचा अर्ज केलाय, जमीन मिळेलही. पण तो चहा जिव्हारी लागला. समाजाचे नियम ढिले पडून माणूस सुटा होतो, त्या अवस्थेला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमनं १८९७ मध्ये आत्महत्यांच्या अभ्यासात अ‍ॅनोमी म्हटलं. आमच्या पारावर आज तेच आहे. पूर्वी पंच बसायचे, दोन शब्दांत निकाल लागायचा.

निंदणवाली, वाशीम: दादा, ते पंच कोण होते? माझी आजी त्या पारापुढून चप्पल हातात घेऊन जायची. पंचांच्या शब्दामागे वाळीत टाकायचा धाक होता. राज्याला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगाच नाही. तुमचा रिवाज आमच्यासाठी हुकूम होता. तो मोडला याचं मला दुःख नाही.

पऱ्हाटी: ताई, तुमचं बरोबर आहे, पन मी येगळंच पायतो. आधी निंदनाले पंधरा-वीस बाया एका वावरात रायत. कोनाची सून रडते, कोनाचा धुरा सरकला, सारं तिथंच समजे. आता तननाशकाचा पंप घेऊन एकटा मानूस जाते न दोन घंट्यात वापस येते. एकमेकाच्या वावरात कामाले जायची सावड बी गेली. मी कोनाच्या वावरात पायच ठेवला नाई त साक्ष कायची देऊ?

वावरवाला: भाऊ, कडुनिंब रस्त्यावरून दिसतो. आणि ताई, आजीचं वाचून मान खाली गेली. तरी विचारतो, जुना धाक गेला तर त्या जागी काय आलं? २००७ च्या मोहिमेतली तंटामुक्त समिती आमच्याकडे फलकावरच उरली आहे.

वैनगंगाकाठ: गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) गाव बघा. ग्रामसभा एकमत होईपर्यंत बोलते. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल सगळ्यांचं, म्हणून बोलणंही सगळ्यांचं.

निंदणवाली: तिथं बायाही बसतात. दादा, तुमच्या मागच्या ग्रामसभेत किती बाया होत्या?

वावरवाला: एकही नव्हती. माझी आईही नव्हती. मी तिला कधी चल म्हटलं नाही.