मदत हवी आहे: बोलेरोचं डिझेल इंजिन स्टँडवर चढवायचंय, बोल्ट आणि तोल जमेना

होटगीरोड_गॅरेज
गाडी बोलेरो, २५२३ सीसी डिझेल. इंजिन खाली उतरवलंय, आता स्टँडवर घेऊन पूर्ण खोलायचंय. स्टँड चार चाकी, वर ४५० किलो लिहिलंय. क्रेन दोन टनी. स्टँडसोबत आलेले बोल्ट ब्लॉकच्या आट्यांत बसत नाहीत. क्रेनचे पाय आणि स्टँडचे पाय एकमेकांना आडवे येतात, त्यामुळे इंजिन स्टँडच्या फिरणाऱ्या प्लेटपर्यंत पोचतच नाही. आणि प्लेटचे चारही हात इंजिनाला फक्त मागच्या बाजूने धरणार, पुढचं सगळं अधांतरी, हे टिकतं का? जमीन शहाबादी फरशीची आहे.

पिच_गेज
भाऊ, सोबत आलेले बोल्ट बाजूलाच ठेवा. गिअरबॉक्स ज्या बोल्टने ब्लॉकला बसला होता तोच तुमचा नमुना. व्यास मोजा, आट्यांना पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, मोजायची पट्टी) लावा. एम १२ (१२ मिमी व्यासाचा) असेल तर १.२५, १.५ किंवा १.७५ पिच असू शकते, आणि चुकीच्या पिचचा बोल्टसुद्धा दोन-तीन आटे आरामात जातो. तिथे पान्याने जोर लावला की ब्लॉकचे आटे गेले. हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, नाहीतर तो बोल्ट तिथला नाही.

डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा मजबुतीचा आकडा कोरलेला बघूनच घ्या. ग्रिलला लागतात ते साधे बोल्ट इथे चालत नाहीत. लांबी अशी काढा: हात आणि ब्लॉकच्या मधली, बोल्ट जिच्यातून जातो ती नळी ५० मिमी, जाड वॉशर ३ मिमी, ब्लॉकमध्ये बोल्टच्या व्यासाच्या दीडपट म्हणजे १८ ते २० मिमी. बेरीज ७१ ते ७३, म्हणून ७५ चा बोल्ट. आधी भोकात तार घालून खोली मोजा. बोल्ट तळाला टेकला तर पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण नळी सैलच राहते. ॲल्युमिनियम ब्लॉकला व्यासाच्या दुप्पट आटे धरतात. तुमचा बीडाचा (ओतीव लोखंडाचा) आहे, दीडपट पुरे.

लेथ_शेजारी
नळ्या चारही एकाच लांबीच्या हव्यात. एक जरी आखूड असली तर प्लेट तिरकी होते आणि सगळा ताण उरलेल्या तिघींवर जातो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही लेथवर चार बुश, म्हणजे याच नळ्या, एका सेटिंगला कापून मिळतील. नळी आखूड ठेवा, हाच माझा मुख्य मुद्दा आहे.

कारण हिशोब बघा. इंजिन २०० किलो धरू, त्याचा तोलबिंदू प्लेटपासून ३५ सेंमीवर. वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये अंतर २५ सेंमी. २०० गुणिले ३५ भागिले २५, म्हणजे वरच्या दोन बोल्टवर मिळून २८० किलोची ओढ. तेच बोल्ट १५ सेंमी अंतरावर लावले तर ४६६ किलो. आता नळ्या १० सेंमीने लांब घ्या, हा आकडा ६०० वर जातो. स्टँडवरचे ४५० किलो त्या लोखंडाचे आहेत, तुमच्या बोल्टच्या जागेचे नाहीत. म्हणून हात शक्य तितके फाकवा आणि चारही वापरा. चेंबरच्या (खालच्या तेलाच्या टाकीच्या) कडेच्या पातळ भोकांत बोल्ट लावू नका.

पिच_गेज
+१. ब्लॉक आणि गिअरबॉक्समध्ये पत्रा असेल तर तोही काढा, नळी पत्र्यावर नीट बसत नाही. क्लच, प्रेशर प्लेट, फ्लायव्हील क्रेनवर असतानाच उतरवा. नंतर स्टँडची प्लेट समोर येते आणि मागचं सील बदलायला जागा उरत नाही. तेल, पाणी आधीच काढून घ्या.

पाय आडवे येण्याचं उत्तर सोपं आहे: प्लेट स्टँडवर ठेवूच नका. फिरणारी प्लेट तिच्या मागच्या जाड नळीसकट बाहेर ओढा, क्रेनवर लटकत्या इंजिनला बोल्टने लावा, मग स्टँड ढकलत आणून ती जाड नळी स्टँडच्या सॉकेटमध्ये सरकवा. आधी चारही बोल्ट हाताने, हात प्लेटवर सैल. मग ब्लॉककडचे बोल्ट आळीपाळीने घट्ट; एम १२, ८.८ ला ७५-८० न्यूटन मीटर पुरेत. प्लेटवरचे नट सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर हात वाकडे राहून बोल्टवर कायमचा ताण बसतो.

दोन टनी क्रेनची भुजा पूर्ण लांब केली की बहुतेक क्रेनची क्षमता अर्ध्या टनावर येते. भोकाजवळ आकडा लिहिलेला असतो, वाचून घ्या. उचललेल्या इंजिनाखाली हात घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

होटगीरोड_गॅरेज
प्लेट बाहेर काढायची ही गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. आता प्लेट मध्यभागी आहे की नाही हे कसं ओळखायचं? आणि भार सोडल्यावर पुढचं टोक थोडं खाली आलं तर चालतं का?

लेथ_शेजारी
प्लेटचा मध्य क्रँकच्या मध्याच्या थोडा वर ठेवा, कारण हेड वरच असतं. साखळी सैल व्हायला लागली की थांबा, क्रेन तशीच ठेवून प्लेट फिरू न देणारी पिन काढा आणि हाताने थोडं फिरवून बघा. एका बाजूला झटका बसला तर प्लेट सरकवा. तुमच्यात डिझेल पंप एका बाजूला आहे, तिथे जड पडणारच. पंप टायमिंगची खूण करून आधी उतरवला तर तोल बराच सुधारतो, स्टार्टर आणि अल्टरनेटरही काढा. पिन काढण्यापूर्वी प्लेट फिरवायचा दांडा हातात पक्का धरलेला असावा.

टोक थोडं झुकतं, सॉकेटमध्ये फट असते. पण कुठून झुकतंय ते बघा. सॉकेटमध्ये हललं तर ठीक. उभ्या खांबाच्या वेल्डिंगवर रंगाला तडा दिसला किंवा हात वाकताना दिसला, तर इंजिन लगेच परत क्रेनवर.

यंत्रमाग_कॉर्नर
फरशीचं विसरू नका मालक. शहाबादीच्या सांध्यात छोटं चाक अडकलं की ढकलणारा जोर सगळा वर लागतो आणि स्टँड पुढे कोलमडतो. खाली १२ मिमीचा प्लायवुड किंवा लोखंडी पत्रा टाका, इंजिन चढवल्यावर स्टँड हलवूच नका. हलवायचाच झाला तर दोघांनी, खालून धरून, आडवं न ढकलता लांबीच्या दिशेने.

आजूबाजूला माग चालू असतील तर कापसाचे तंतू तेल लावलेल्या बोअरवर चिकटतात. काम नसेल तेव्हा स्वच्छ प्लास्टिकची पिशवी, कापड नको.

पिच_गेज
एक राहिलं. क्रँक पुलीचा बोल्ट स्टँडवर खोलू नका, त्याला लागणाऱ्या जोराने स्टँड गोल फिरतो. क्रेनवर असताना किंवा लाकडावर टेकवून करा. हेडचे बोल्ट स्टँडवर चालतील, पण ब्लॉकच्या पुढच्या टोकाखाली लाकूड आणि जॅक देऊन. काही दिवस तसंच ठेवायचं असेल तर तो जॅक काढू नका.